तिसरा दोर

"मुलीसाठी घेताय का?" दुकानातल्या पोरीनं विचारलं आणि चढाईचा बूट ग्लेनिसच्या हातात तसाच राहिला. लिटल बर्क स्ट्रीटवरचं हे दुकान तिच्या पायाखालचं होतं. कमरेला बांधायचा पहिला हार्नेस तिनं इथंच घेतला होता, तेव्हा ही विक्रेती जन्मलीही नसेल. प्रश्नात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं, खोच असली की टोला परत करता येतो. पण ही पोरगी खरंच मदत करायला बघत होती, डोळ्यांत नुसती माया. हॉस्पिटलात म्हाताऱ्यांना एक्स-रेच्या टेबलावर चढवताना ग्लेनिस स्वतः नेमकी हीच माया डोळ्यांत आणायची. 'हळू हं, घाई नाही, मी आहे ना.' नोकरीचं अख्खं आयुष्य ती हे बोलत आली होती, आणि टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाला ते कसं ऐकू येत असेल ते तिला आज कळलं. "हो, मुलीसाठीच," ती म्हणाली. तिला मुलगी नव्हती. "तिचे पाय थेट माझ्यासारखे आहेत." मग तिनं तो बूट घालून पाहिला, दुसरा घालून पाहिला, बोटं पुढं गच्च दाबली जाताहेत ना हे त्या नसलेल्या मुलीच्या वतीनं तपासलं आणि पिशवी घेऊन ट्राममध्ये बसल्यावर तिला स्वतःचा असा काही राग आला की एक थांबा पुढं जाऊन उतरावं लागलं. माझ्यासाठी, एवढा एक शब्द. तो म्हणताना जीभ का अडखळावी? एकसष्टाव्या वर्षी बाई दारू प्यायली, तिसरं लग्न केलं, कुत्री पाळली तर मेलबर्नमध्ये कुणी भुवई उचलत नाही. बूट घेतले तर मात्र ते मुलीचे.

अर्थात दोष त्या पोरीचा नव्हताच. गेल्या मार्चपासून सगळं जगच तिच्याशी हलक्या आवाजात बोलायला लागलं होतं. गेल्या मार्चच्या लांब सुट्टीत ती बफलो डोंगरावर पडली. पडली म्हणजे दोराला लटकली, पण लटकण्याआधी एका पायरीवर टाच आपटली आणि टाचेचं हाड मोडलं. हॉस्पिटल तिचंच, मशीन तिचंच, आणि टेबलावर तीच. एक्स-रे काढणाऱ्या सहकारी मुलानं पडदा हळूच पलीकडं वळवला होता. "इकडं कर तो," ग्लेनिस म्हणाली होती, "मला वाचता येतं." वाचताही आलं. टाच सहा महिन्यांत बरी झाली, पुढच्या तीन महिन्यांत भक्कम झाली. आता ती रोज संध्याकाळी यारा नदीच्या काठचा मोठा चढ चढून उतरत होती. पण लोकांच्या मनातली टाच बरी व्हायला तयार नव्हती. शेजारीण ग्लेनिसचा कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेऊन ठेवायची. आभार मानता मानता ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तरी आता पुन्हा तीच सुट्टी आली होती. मार्चमधले ते तीन दिवस म्हणजे वर्षातले खरे दिवस, बाकीचं सगळं त्यांच्या मागं-पुढं लावलेलं. ग्लेनिस, वॉरिक आणि स्ताव. वॉरिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, उंच, हडकुळा. प्रत्येक गोष्टीची योजना करणारा माणूस, तंबूचे खुंटेसुद्धा वारा कुठून येणार ते बघून ठोकायचा. त्याच्याशी तिचं नातं काय, हे लोकांना सांगता सांगता ती थकून गेली होती. नवरा नव्हे, प्रियकर नव्हे, झाला असता तर एव्हाना कधीच गेलाही असता. दोराच्या दुसऱ्या टोकाला असणारा माणूस, बस्स. स्ताव नंतर आला. नळ दुरुस्त करणारा, ग्रीक, पोट सुटलेला, उंचीला घाबरणारा. घाबरतोस तर येतोस कशाला म्हटलं की म्हणायचा, "घरी बायकोची आई आलीये. तिला जास्त घाबरतो." त्याच्याच व्हॅनमधून ते निघाले. पुढच्या बाकावर तिघं दाटीवाटीनं, मागं नळ्या, डिंकाचा वास, दोर, आणि स्तावच्या सासूनं केलेली पालक-चीज भरून भाजलेली पाई, जिच्यावर बसू नये म्हणून ती ग्लेनिसच्या मांडीवर.

"टाच कशीये?" पोरपंका गावाच्या अलीकडं वॉरिकनं विचारलं. प्रवासातली ही चौथी वेळ.

"टाच मजेत आहे. तुझ्या बायकोला नमस्कार सांगितलाय तिनं."

"विचारलं तर चावते," स्ताव म्हणाला.

"तूसुद्धा विचारून बघ. पाई माझ्या मांडीवर आहे, लक्षात ठेव."

स्तावनं रेडिओ लावला. ग्लेनिस खिडकीतून बघत राहिली. तंबाखू सुकवायच्या जुन्या पत्र्याच्या खोल्या मागं पडत होत्या. तिला आईची आठवण झाली. शेपार्टनला पीचच्या बागांत राहणारी आई. ऐंशीच्या घरात गेल्यावर थोरल्या भावानं, मर्वनं, तिच्या गाडीची किल्ली काढून घेतली होती, फार प्रेमानं, हातात फुलांचा गुच्छ देऊन. आईनं फुलं पाण्यात ठेवली, मर्वला चहा पाजला, आणि तो गेल्यावर पिठाच्या डब्यात हात घालून दुसरी किल्ली काढली. गावात जाऊन बेकरीसमोर गाडी लावायची, एक मटणाची पाई गाडीतच बसून खायची आणि परत यायचं. दर गुरुवारी. ग्लेनिसला हे ठाऊक होतं. आईनं फोनवर सांगितलं होतं, हसू दाबत, शाळकरी पोरीसारखं. त्या आवाजात एक गुर्मी होती. तेव्हा तिला त्या गुर्मीची नुसती गंमत वाटायची. आता तिला ती भूक लागावी तशी हवी होती.

रात्रीच्या जेवणाआधीच, तळ्याकाठच्या तळावर खुंटे ठोकून झाल्या झाल्या वॉरिकनं आपली योजना सांगितली. दरीतला त्यांचा कडा उलटा चालतो. आधी गाडीनं डोंगरमाथ्यावर जायचं, मग माथ्यावरून दोन दोर जोडून कड्यात खाली उतरायचं, एका गवताळ पट्टीपर्यंत. पट्टीखाली सरळ दरी. उतरलं की दोर खेचून घ्यायचे, कारण वर चढायला तेच लागतात. एकदा दोर खेचले की घरी जायची वाट एकच, वरची. चढाईचे दोन टप्पे. खालचा सोपा, तो पहिल्या वर्षापासून वॉरिकचा. वरचा टप्पा म्हणजे एक लांब उभी भेग, हात जेमतेम शिरेल एवढी. शेवटी भिंत पोट पुढं काढते आणि भेग त्या पोटावरून जाते. तो ग्लेनिसचा. कुणी तसा ठराव केला नव्हता. घरात कुणाची खुर्ची कुठली ते ठरतं, तसं ते ठरून गेलं होतं. गेल्या वर्षी ती पडली ती तिथंच.

"या वेळी एक तिसरा दोर टांगून ठेवू," वॉरिक स्टोव्हकडं बघत म्हणाला. "स्तावचा कामाचा जाड दोर. माथ्याला पक्का बांधायचा, खालपर्यंत सोडायचा, तसाच राहू द्यायचा. खालचा टप्पा चढू. वरचा सोडून देऊ, जाड दोराला धरून सरळ माथ्यावर जाऊ."

"का?"

"का काय? तुझी टाच."

"माझी टाच."

"एक वर्षाचा प्रश्न आहे, ग्लेन. पुढच्या वर्षी बघू."

स्ताव पाई कापत होता. तो कापतच राहिला, नको तितके तुकडे पडले. ग्लेनिस म्हणाली, "बरं." एवढंच. तिला वाद घालता येत नव्हता असं नाही. वॉर्डातल्या दोन सर्जनांना तिनं रडवलं होतं. पण वाद घालायचा तर आधी 'मी म्हातारी नाही' असं सिद्ध करायला उभं राहावं लागतं, आणि जो सिद्ध करायला उभा राहतो तो तिथंच हरतो. ती आपल्या तंबूत जाऊन पडली. पुढच्या वर्षी बघू. हे वाक्य तिनं किती जणांना म्हटलेलं ऐकलं होतं. पुढच्या वर्षी बघू म्हणजे बघायचं नाही. आधी एक टप्पा सोडायचा, मग कडा सोडायचा, मग लांबून बघायला यायचं, पर्यटकांच्या कठड्याला टेकून, थर्मास घेऊन. मग तेही नाही. कुणी दुष्ट नसतं. सगळे प्रेमानंच करतात, फुलं देऊन. आणि वॉरिकनं करावं? ज्याच्या हातात तिचा जीव वर्षानुवर्षं बिनबोभाट होता, त्यानं? दुकानातल्या पोरीला क्षमा होती, वॉरिकला नव्हती.

सकाळी माथ्यावर गारठा होता. ग्रॅनाइटवर हात ठेवला की रवाळ दगड तळव्याला बारीक चावा घेत होता. समोरच्या बाजूला धबधबा कोसळत होता, त्याच्या आवाजात बोलणं अर्धं बुडत होतं. वॉरिकनं दोन दोर जोडून खडकातल्या लोखंडी कडीतून ओवले, खाली सोडले. शेजारच्या दुसऱ्या कडीला स्तावचा जाड दोर बांधला, गाठ दोनदा तपासली, तोही सोडला. स्ताव आधी उतरला, खाली न बघता, ग्रीकमध्ये कुणाला तरी शिव्या देत. मग वॉरिक. कड्याच्या काठावर त्यानं तिच्याकडं पाहिलं, काहीतरी बोलणार होता, पण "सावकाश ये," एवढंच म्हणाला आणि काठाखाली दिसेनासा झाला.

ती एकटी राहिली. हिवाळ्यांतल्या बर्फानं वाकलेली निलगिरीची झाडं, एक काळा करवांग पक्षी पिवळ्या डोळ्यानं तिच्या जेवणाच्या डब्यावर नजर ठेवून, आणि तीन दोर. दोन आपले. तिसरा पांढरट, जाड, नळाच्या गाळाचे डाग पडलेला. तो इतका निर्ढावल्यासारखा लोंबत होता की तिला त्याच्याकडं बघवेना. तिनं शांतपणे विचार केला, हे ती पुढं कुणालाही शपथेवर सांगू शकली असती. कुणाला काही झालं तर? इतकी वर्षं कुणाला काही झालं असतं तर काय केलं असतं? तेच. हा कडा तसाच आहे, भेग तशीच आहे, बदललाय तो फक्त त्यांचा तिच्याकडं बघायचा डोळा. तो दोर तिथं लोंबत राहिला तर ती कितीही चांगली चढली तरी ते चढणं दोराच्या परवानगीनं असणार होतं. तिची बोटं गाठीवर होती. मन ठरवेपर्यंत बोटांनी गाठ सैल केलीसुद्धा. मग मात्र ती पाय रोवून उभी राहिली आणि हातावर हात टाकत दोर वर ओढायला लागली. भलताच जड होता. खालून स्तावचा आवाज आला, अस्पष्ट, "अगं ए! दोर वर कुठं चाललाय?" आणि मग वॉरिकचा, नुसतं तिचं नाव, दोनदा. तिनं दोराची वेटोळी केली, झाडाखाली ठेवली आणि खाली उतरली. उतरताना तिला जे वाटत होतं त्याला आनंद म्हणायला ती कचरली नाही.

पट्टीवर पाय टेकले तेव्हा वॉरिक भिंतीला पाठ लावून उभा होता. तिला वाटलं, ओरडेल. ओरडावं अशी तिची इच्छाच होती, उत्तरं तयार होती. पण तो म्हणाला, "खेच आता ते दोन," आणि तिनं खेचले. दोर सळसळत येऊन पायाशी पडले. स्ताव आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "मला कुणी काही सांगणार आहे का? का मी नुसता नळ दुरुस्त करायला आलोय?"

"वरचा टप्पा चढून जायचंय," ग्लेनिस म्हणाली. "नेहमीसारखं."

खालचा टप्पा वॉरिक पुढं चढला. दोर ग्लेनिस सांभाळत होती. इतक्या वर्षांत त्याचं चढणं तिला पाठ झालेलं होतं. तो आधी थांबतो, बघतो, मग एकदा हललं की थांबत नाही. आज तो थांबतच होता. डावा हात तो वर नेई, खाचेवर ठेवी, मग मान वळवून त्या हाताकडं बघे, हात आहे ना तिथं याची खात्री करावी तसा. रुसलाय, तिनं मनात म्हटलं. भूगोलाच्या मास्तरांचा अपमान झालाय. एका ठिकाणी त्याचा डावा हात आपोआप उघडला आणि तो उजव्यावर झोका घेऊन राहिला, आणि तिनं दोर गच्च आवळला. रुसलेल्या माणसाचा हात असा उघडत नाही. हॉस्पिटलात असे हात ती बघत आली होती. कपातला चहा सांडल्यावर ज्यांना कळतं की कप सुटला, असे हात.

मधल्या पायरीवर तिघं पोचले. जेमतेम उभं राहायची जागा, तिघं एकाच ठिकाणी बांधलेले, गुडघ्याला गुडघे.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

वॉरिकनं मनगटानं नाक पुसलं. "हिवाळ्यापासून. मानेतली नस दबलीये. बोटं मधूनच जातात. परत येतात. मग परत जातात."

"मान कुठं दाखवलीस? माझ्याकडं आला नाहीस."

"जीलाँगला जाऊन एक्स-रे काढला. तुझ्या मशीनवर काढला असता तर तू वाचला असतास ना तो."

"म्हणजे तो दोर—"

"माझ्यासाठी होता."

स्ताव हळूच म्हणाला, "आई गं."

"आणि माझी टाच पुढं केलीस," ग्लेनिस म्हणाली. आवाज चढला, धबधब्याच्या वर गेला. "माझी टाच! वर्षभर लोक मला काचेची म्हणून उचलून ठेवताहेत, आणि तू तीच काढलीस झाकायला?"

"तुझी टाच सगळ्यांना ठाऊक होती. माझी मान कुणालाच नव्हती." तो दगडाकडं बघत होता. "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? घरी बसवलं असतंस. सूप आणलं असतंस."

आणलंच असतं. वाटाण्याचं, हाडं घालून. रागाचं काय करावं ते तिला कळेना. राग खरा होता आणि जागचा हलत नव्हता, पण त्याच्या शेजारी आता भीती येऊन बसली होती. दोर वर झाडाखाली होता, तिनं ठेवलेला. या पायरीवरून खाली जायला वाट नव्हती. वरच्या टप्प्यात डावा हात लागतोच, पोटावर तर दोन्ही लागतात. समोरच्या कठड्यावर रंगीत जाकिटं दिसत होती, कुणीतरी हात हलवत होतं. हाक मारली असती, खुणा केल्या असत्या तर तासा-दोन तासांत बचाव पथक आलं असतं. तिनं वॉरिककडं पाहिलं. त्यानं कठड्याकडं पाहिलं आणि मान हलवली, नाही.

"मग जाते मी," ती म्हणाली. "दोन्ही दोर घेऊन जाते. मला स्ताव धरेल. मग तो येईल, मग तू."

तिनं हाताच्या पाठीवर चिकटपट्टी गुंडाळली, भेगेत अडकवायच्या धातूच्या पाचरी हार्नेसला लावल्या आणि भेगेत हात घातला. गार, ओलसर, ओळखीचं. मूठ वळायची, हात फुगून दगडात बसतो, मग त्यावर सगळं वजन. दुखतं. दुखलंच पाहिजे, दुखत नसेल तर बसलेलाच नाही. पाऊल आडवं घालून पिरगळलं की टाच ओरडते, ओरडू दे. तिला वाटलं होतं, वर जाताना जिंकल्यासारखं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. नुसती एक कामाची घाई होती, वर पोचलं पाहिजे, कारण खाली एक माणूस आहे ज्याची बोटं जातात आणि येतात. गेल्या वर्षी पडली ती जागा आली. तिथं एक पाचर बसवायची, ती बसवली, ओढून पाहिली. मग पोटावरून जाताना पाय सुटले, दोन्ही मुठींवर ती लटकली, कातडी सोलवटली, आणि घशातून जो आवाज निघाला तो तिच्या आईनंही ओळखला नसता. मग पाय लागला. मग गवत. मग ती माथ्यावर पालथी पडून होती आणि करवांगानं तिचा डबा उघडलेला होता.

स्ताव आला, घामानं निथळत, दर हाताला देवाचं नाव घेत, एकदा सुटला, लोंबकळला, तिनं सरळ ओढून घेतला. त्याची काही हरकत नव्हती. "ओढ बाई, पोत्यासारखं ओढ," तो खालून ओरडत होता. वर आल्यावर तो गवतावर बसून हसायला लागला, मग एकदम काठाकडं वळला. "वॉरिक," तो म्हणाला.

वॉरिक निघाला. दोर तिच्या हातातून येत होता, थोडा, मग थांबे, मग थोडा. बोटं गेली की तो थांबत असणार, परत आली की चढत असणार. दोर येतोय म्हणजे माणूस येतोय, एवढंच वरून कळतं. ऊन बाजूनं सरकलं. मग पोटाखाली त्याचं हेल्मेट दिसलं, मग तोंड, पांढरं पडलेलं. इथंच खरी मेख होती. पोटावर हात सुटला तर तो भिंतीपासून दूर हवेत लोंबकळणार, परत भेगेला हात लागणं नाही. दोर ताठ ठेवला तर सुटायचा नाही. ताठ ठेवला म्हणजे त्याला वर आणणार ती, तो नव्हे. तिच्या हातांनी आपणहून दोर ताठ केला. इतका की वॉरिकचा हार्नेस कमरेतून वर चढला.

"सोड!" तो खालून ओरडला.

"पोटावर आहेस तू!"

"माहितीये कुठं आहे ते! ओढू नकोस मला. ढील दे!"

स्ताव गुडघ्यांवर आला, त्यानं दोराला हात घातला. "वेडा झालाय तो. दोघं मिळून ओढू. दोन मिनिटांत वर." त्याचे हात जाड होते, नळ पिळून पिळून घट्टे पडलेले. त्यांनी खरंच दोन मिनिटांत काम झालं असतं. कुणालाही लागलं नसतं. रात्री तळावर स्तावच्या सासूची पाई खाल्ली असती आणि पुढच्या वर्षी बघू असं कुणीतरी म्हणालं असतं. ग्लेनिसनं त्याच्या मनगटावर फटका मारला. जोरात, चिकटपट्टी गुंडाळलेल्या हातानं. स्तावनं हात काढले.

खाली वॉरिक आपला डावा हात उजव्या हातानं उचलून भेगेत घालत होता. पत्र पेटीत टाकावं तसा, आतवर, मनगटापर्यंत. हात आत राहिला की नाही ते त्याला कळत नव्हतं, तो डोळ्यांनी बघत होता. तिला हे सगळं दिसत होतं, न दिसतं तर बरं झालं असतं. ती त्याला मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या घालत होती.

"ग्लेन! ढील!"

"पडला तर?" स्ताव म्हणाला.

"तर पडेल," ग्लेनिस म्हणाली, आणि तिनं हातभर दोर सोडला.